तेरा दीपमाळांचं गाव

न्हाई, न्हाई, न्हाई! आकाराम, ती यादी आधी खिशात घाल! 'रोमला पहिल्यांदा जाताना काय काय बघावं' ह्ये मला इचारूच नगंस... व्हय, म्हाईत हाय, तू आन् वहिनी म्हयन्यानं निघालाय, तिकिटं आल्यात, नवी बॅग आलीया, आन् गावात रोमला जाऊन आलेला बाप्या मी एकटाच हाय. आरं पर म्हणून मला इचारायचं? डेअरीच्या भिंतीवर माझा फोटो लावलाय तुमी लोकांनी, फेटा बांधून, खाली छापलंय 'युरोप दौऱ्यावरून सुखरूप परत'... त्यातलं सुखरूप कुणी छापाय सांगितलं, त्याला माझ्याम्होरं आणा आधी! तुमाला सांगतो, रोममधी बघण्यासारखं हाय, लय बघण्यासारखं हाय, पर मी बघितलं न्हाई.

हसतुयास काय? गेलो व्हतो की! तुझ्या यादीत धा जागा असल्या तर त्यातल्या आठ ठिकाणी ह्यो धनाजी जाऊन आलाय, त्या बी एका दुपारात, त्या बी पळत! पर बघितलं का? न्हाई. डोळं उघडं व्हतं, डोळ्यात पाणी व्हतं, पाण्यातनं काय दिसतंय? दूध घालून झालं असंल तर बसा सगळी हितं, क्यान तिकडं सरकव रं... एकदाच सांगतो, पुन्हा न्हाई सांगणार.

मुळात मला जायाचंच नव्हतं. मी भित्रा हाय, ह्यात लपवायचं काय? हिरीवर साप निघाला तर मी बांधावर आन् आमची बनुबाई काठी घिऊन हिरीत, ह्ये तुमी सगळ्यांनी बघितलंय. आमच्या पृथ्वीराजनं पुण्यात बसून परस्पर टूर काढली. म्हणला, "अण्णा, जन्मभर आल्याच्या रानात वाकलाय, आता आईला घिऊन जग बघून या." मी म्हणलं, बाबा, जग हाय तितं बरं हाय, मी हितं बरा हाय. पर बनुबाईनं तवर शेजारणीकडनं स्वेटर मागून आणलं व्हतं! इमानात मी नऊ तास पट्टा सोडला न्हाई. ती हवाई सुंदरी तीनदा यिऊन गोड आवाजात म्हणती, "सर, यू कॅन रिलॅक्स!" मी म्हणलं, बाई, तू रिलॅक्स कर, मला पट्टा ऱ्हाऊ दे. आन् शेजारी बनुबाई? घोरत्यात! खाली समुद्र, वर आभाळ, मधी आमी, आन् ही बाई घोरतीया...

टूरवर आमच्या म्होरं एक पोरगी व्हती, क्रांती. सांगलीची, टूर मॅनेजर, लय हुशार. तिच्या हातात केशरी छत्री, आमी अडतीस माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर केशरी टोपी. ती छत्री वर धरायची आन् आमी मेंढरागत मागनं. "काका, काकू, छत्रीवर लक्ष ठेवा हं! छत्री चुकली की सगळं चुकलं!" झालं! त्या दिसापास्नं मी दुसरं काय बघितलंच न्हाई. कोलोसियम म्हणून ती एक गोल, मोडकी, डोंगराएवढी इमारत हाय बघ, तुझ्या यादीत पहिलीच असंल... सगळी मान वर करून बघत्यात, मी छत्री बघतोय. क्रांती सांगतीया, "ही दोन हजार वर्षं उभी आहे." मी म्हणलं, पोरी, म्हंजी तिची येळ भरत आली की गं! आत माणूस आन् वाघाची झुंज लावायचे म्हणं. मी मागनं हळूच इचारलं, आता वाघ न्हाईत न्हवं? क्रांती हसली, पर न्हाई म्हणाली न्हाई.

आन् मग दुसऱ्या दिशी आलं ते कारंजं. ट्रेव्ही. लिव्हलंयस? खोड त्ये! आरं, एवढ्याशा चौकात यात्रा भरल्यागत गर्दी, म्होरं दगडाचं देव, दगडाची घोडी, आन् पाणी असं धो धो... क्रांती म्हणली, "पाठ करून उभं राहायचं, डोळे मिटायचे, मनात इच्छा धरायची आणि उजव्या हातानं डाव्या खांद्यावरून नाणं टाकायचं." बनुबाई म्हणली, "तुमी टाका आधी, मी बघती." मी पाठ केली. डोळं मिटलं. इच्छा धरली, आई यमाई, घरी सुखरूप ने, दुसरं काय बी मागत न्हाई... टाकलं नाणं. डोळं उघडलं. बनुबाई न्हाई!

म्हणलं, असंल हितंच. हिकडं बघितलं, तिकडं बघितलं, कारंज्यात बी वाकून बघितलं... न्हाई! केशरी टोप्या न्हाईत, छत्री न्हाई, काय न्हाई! कमरंला हात लावला तर पिशवीत तिचा पासपोर्ट. तिचा मोबाइल बी माझ्याच पिशवीत, "पडंल माझ्याकडनं, तुमच्यापाशी ठेवा" म्हणून सकाळीच दिलेला. तिचं स्वेटर माझ्या खांद्यावर. तिच्या बीपीच्या गोळ्या माझ्या वरच्या खिशात. तिचं सगळं माझ्यापाशी, फकस्त ती न्हाई! इंग्रजी न्हाई, हिंदी येती ती बी बाजारापुरती, हातात पासपोर्ट न्हाई... त्या एवढ्या मोठ्या परक्या गावात माझी बाई कुठं गेली असंल?

हाक मारायला तोंड उघडलं तर म्होरचा सवाल... हाक काय मारायची? लगीन झाल्यापास्नं अडतीस वर्षात चारचौघात तिला नावानं हाक मारलीया व्हय मी? तुमी मारताय? न्हाई न्हवं! मी आपला "अगं ए! अगं ए, ऐकलं का?" म्हणून वरडतोय. कोण ऐकतंय? शंभर बायका व्हत्या तितं, एक वळली न्हाई. एक जपानी म्हातारा वळला, त्यानं माझा फोटो काढला.

तेवढ्यात फोन वाजला. क्रांती! "काका, आम्ही पुढे जेवायला आलो, तुम्ही कुठे राहिलात? काकू आहेत ना बरोबर?" आता शहाण्या माणसानं काय सांगावं? न्हाई म्हणून सांगावं. पर माझ्या डोक्यात काय आलं सांगू? कालच क्रांतीनं सगळ्यांना दम दिला व्हता, "पासपोर्ट जवळ पाहिजेच, पोलीस कधीही विचारतात!" म्हणलं, हिला सांगितलं की ही पोलिसाला सांगणार, पोलीस बनुबाईला धरणार, पासपोर्ट इचारणार, ती काय देणार? आन् ती गप बसणारी बाई हाय व्हय? पोलिसालाच इचारंल, "तू कोण लागून गेलास रं?" मग नेतील की आत! भ्यालेल्या माणसाची अक्कल किती चालती, तुमीच सांगा! मी म्हणलं, "व्हय व्हय, हाय की हितंच, दुकानात शिरलीया." क्रांती म्हणली, "बरं, मग फिरा निवांत, पण पाच वाजता नदीकाठी बसजवळ. पाचला बस फ्लॉरेन्सला निघणार म्हणजे निघणार!" घड्याळात साडेबारा. आता मी एकटा, आन् खोटं बी बोललेलो.

भिंतीला टेकून उभा ऱ्हायलो. आन् तवा आठवली माझ्या आईची ताकीद. औंधाच्या यात्रंला लग्नाच्या पहिल्याच वर्षी आमची चुकामूक झाली व्हती. बनुबाई नवी नवरी, मी कावराबावरा. घावली कुठं? यमाईच्या देवळाम्होरच्या दीपमाळंपाशी! तवापास्नं आईनं दोघांला सांगून ठेवलं, "चुकामूक झाली की दीपमाळ गाठायची. जो आधी यील त्यानं हलायचं न्हाई." यात्रंत काय, बाजारात काय, कोल्हापूरला काय, आमी ह्योच कायदा पाळलाय. म्हणलं, सुटलो! बनुबाई बी दीपमाळच हुडकणार. एवढं मोठं गाव, देवळंच देवळं, दीपमाळ असणारच. आपण तितं जायाचं, ती बसलेली असणार, हाय काय आन् न्हाई काय!

तितं एक बांगलादेशी पोरगा छत्र्या इकत व्हता. त्याला हिंदी येत व्हती, देवच भेटला! मी म्हणलं, "भाऊ, हमारा घरवाली गुम गया." तो म्हणला, "अरे चाचा! पुलिस को बताऊँ?" म्हणलं, "पुलिस मत! पुलिस बिल्कुल मत! तुम फकत दीपमाळ दिखाव." त्याला कळंना. मी हात वर करून दाखवलं, असा दगडाचा खांब, उंच, वर निमुळता, देवळाम्होरं... तो म्हणला, "अच्छा, वो लंबा वाला पत्थर! कौन सा वाला, चाचा?" मी म्हणलं, कौन सा म्हंजी? त्यानं माझ्याकडं असं बघितलं, कीव आल्यागत, आन् म्हणला, "चाचा, रोम में तेरह हैं."

तेरा! आरं, आख्ख्या खटाव तालुक्यात तेरा दीपमाळा न्हाईत! रोमच्या जुन्या राजांनी म्हणं मिसर देशातनं जहाजात घालून आणल्या आन् चौकाचौकात उभ्या केल्या. बाबांनो, एक आणायची! तेरा कशाला? पुढं कुणाची बाईल हरवंल ह्येचा इचार नगं का करायला? त्या पोरानं टूरच्या कागदामागं तेरा टिंबं काढून दिली, मी कागद घेतला आन् पळत सुटलो. रोममधी बघण्यासारखं हाय, लय बघण्यासारखं हाय, पर मी... म्होरं ऐका.

पहिली दीपमाळ जवळच व्हती, कचेरीसारख्या मोठ्या वाड्याम्होरं. आमदार-खासदार बसत्यात म्हणं तितं. दारात चार पोलीस, हातात ही एवढाली बंदूक! मला बघायचं व्हतं दीपमाळंच्या पलीकडं, पर तितं जायचं कसं? मी आपला दोन्ही हात वर केले आन् हळूहळू चौकात गेलो. दीपमाळंला एक फेरी मारली, हात वरच. पोलीस बघाय लागले. म्हणलं, आता "कागद दाव" म्हणणार, आन् पिशवीत दोन पासपोर्ट, एक माझा, एक बाईचा... बाई कुठं हाय म्हणून इचारलं तर? मारून टाकली म्हणतील की! तसाच हात वर करून मागं मागं आलो आन् कोपरा वळल्याबरोबर ठोकली धूम.

दुसरी, एका जुन्या गोल देवळाम्होरं. खांबच इतकं जाड की चार माणसांच्या कवेत मावायचं न्हाईत. क्रांती म्हणली व्हती, आत छताला मधोमध भोक हाय, त्यातनं पाऊस आत येतो, जरूर बघा. मी कशाला बघतोय? दीपमाळ बघितली, पायऱ्या बघितल्या, बसलेल्या सगळ्या बायका बघितल्या, एकीचा नवरा उठून उभा ऱ्हायला, तसा निघालो. तिसरी, लांबड्या चौकात, कारंज्यावर उभी केलेली. खाली चार दगडाचे राक्षस, त्यातल्या एकानं असा हात वर केलेला, जसं काय दीपमाळ आत्ता अंगावर पडतीया! मला आधीच धीर न्हाई... बाजूला एक सोन्याचा पुतळा व्हता, माणसाएवढा. त्याला टेकून वाईच श्वास घेतला तर पुतळ्यानं डोळा मारला! आयला, मी असा बोंबललो की कबुतरं उडाली. माणूस निघाला गड्या त्यो! दिसभर रंग लावून गप उभं ऱ्हायचं, पोटाचा धंदा हाय त्येचा. त्यो मला सोन्याच्या हातानं पाणी देतोय, मी त्येला म्हणतोय, "हिरवी साडी? हिरवी साडी बघितली का?"

मग नदी वलांडली. सगळ्यात मोठं देऊळ. तुझ्या यादीत दोन नंबरला असंल, त्यांच्या धर्माची राजधानीच हाय ती. मैदान एवढं की आपलं गाव उचलून ठेवलं तर कोपऱ्यात मावंल. मधी दीपमाळ, आन् भवतीनं हजारांनी माणसं! शिपाई असे, लाल-निळा-पिवळा पट्ट्यापट्ट्याचा झगा, हातात भाला, आपल्या गोंधळ्यागत. आन् त्या गर्दीत मला पाठमोरी दिसली... डोईवर पदर, ठेंगणी, चालणं अगदी तेच. माझा जीव असा भांड्यात पडला! पळत गेलो, मागनं म्हणलं, "अगं ए! जीव घेतीस का माझा?" ती वळली. जोगतीण निघाली त्यांची, नन म्हणत्यात बघ. पांढरी, गोरी, डोळं निळं. मी आधीच रडकुंडीला, काय करू सुचंना, वाकलो आन् पाया पडलो. तिनं डोक्यावर हात ठेवला. काय बोलली कुणाला ठावं, पर बरं वाटलं गड्या. सकाळपास्नं पहिल्यांदा कुणीतरी 'भिऊ नगंस' म्हणल्यागत वाटलं.

पर बनुबाई न्हाई त्ये न्हाईच. तीन वाजले. तिची गोळी दोन वाजता असती.

पासपोर्ट काढून तिचा फोटो लोकांला दाखवाय लागलो. फोटो काढताना हसायचं न्हाई म्हणून सांगितलेलं, त्यामुळं त्यात अशी बघतीया, जसं काय मी गव्हाणीत वैरण टाकायची इसरलोय. ज्याला दाखवावा तो दोन पावलं मागं सरतोय! मी बी बघितला... आन् गड्या, फोटो माझ्याकडंच बघाय लागला. "कुठं ठेवलं मला?" म्हणून. मी तिला कवा सांगितलं न्हाई बघा, पर मला भ्या वाटलं की मी तिच्याकडं बघतो. इमान हाललं, तिच्याकडं बघितलं. पृथ्वीराजला सरपणात घोणस चावली तवा दवाखान्यात, तिच्याकडं बघितलं. ती भ्याली न्हाई की मला वाटायचं, हाय, सगळं ठीक हाय. आता भ्यायचं तर बघायचं कुणाकडं?

म्होरची दीपमाळ, मोठ्या वेशीच्या आत. तितं एका कडंला दोन देवळं, अगदी एकासारखी एक. एकाला फेरा मारून आलो, तर पुन्हा तेच देऊळ! म्हणलं, संपलं, चकवा लागला. आन् तितनं त्या स्पॅनिश पायऱ्या. लिव्ह, आकाराम, ह्ये मातुर लिव्ह, पायऱ्या एकशे पस्तीस, आन् दीपमाळ पार वर! पायऱ्यांवर गर्दी, पर बसायला बंदी. जरा टेकलो की पोलीस शिट्टी मारतोय. म्हणजे दमायला बी परवानगी न्हाई! गुडघं असं कुईकुई करत्यात, छाती भात्यागत, वर गेलो, दीपमाळंला पाठ लावली, आन् खाली बघितलं. सगळं रोम. छपरंच छपरं, घुमटच घुमट, लांब पार डोंगरापत्तूर. ह्या सगळ्यात माझी बाई एक. उपाशी, गोळीबिगर, स्वेटर न्हाई. आन् चार वाजून गेलेले.

तुमाला खोटं कशाला सांगू? रडलो. साठीचा बाप्या, केशरी टोपी घालून, हमसून हमसून. आन् मग काय झालं म्हाईत न्हाई, लाज गेली, भ्या गेलं, दोन्ही हात तोंडाशी धरलं आन् वरडलो... "बनूऽऽऽ! ए बनूऽऽऽ!" अडतीस वर्षात पहिल्यांदा! त्या एकशे पस्तीस पायऱ्यांवरची शेंदोनशे माणसं गर्रकन वळून वर बघाय लागली. आन् म्हाईत हाय काय? कुणीतरी टाळ्या वाजवल्या! त्यांला वाटलं, मी गातोय.

पायऱ्या उतरलो त्ये हुंदके देतच. क्रांतीला फोन लावला, म्हणलं, पोरी, खोटं बोललो, तुझी काकू साडेबारापास्नं हरवलीया. ती म्हणली, "काका... काका, तुम्ही चार तास... बरं, रडू नका. मी पोलिसांना सांगते. तुम्ही कारंज्यापाशी जा, मी आलेच." तिचाच आवाज रडवेला. तिचं तरी काय चुकलं? तिच्या अडतीसातली एक गेली म्हंजी तिच्या नोकरीवर आलं की!

कारंज्यापाशी त्यो छत्रीवाला पोरगा तितंच व्हता. "मिलीं, चाचा?" मी मान हलवली आन् कागद त्याच्याम्होरं धरला. त्यानं टिंबं मोजली, कुठं कुठं गेलो इचारलं, आन् मग कपाळावर हात मारला. "चाचा, हाथी वाला देखा?" म्हणलं, कसला हत्ती? "अरे, छोटा वाला! वो गोल मंदिर के पीछे! हाथी की पीठ पर!" म्हंजी जितं मी एक वाजता दीपमाळंपाशी बायका मोजत व्हतो, त्याच देवळाच्या मागं! पन्नास पावलांवर!

कसा पळालो म्हाईत न्हाई. मोटारी करकचून थांबत व्हत्या, मी हात बी दाखवत नव्हतो. देवळाला वळसा घातला. लहानसा चौक. मधी दगडाचा एक हत्ती, वाईच हसऱ्या तोंडाचा, त्याच्या पाठीवर एवढीशी दीपमाळ. आन् हत्तीच्या खाली पायरीवर, चपला काढून, मांडी घालून, पदरावर केशरी टोपी, आमची बनुबाई बसलेली! शेजारी दोन गोऱ्या म्हाताऱ्या. त्यांच्या हातात बनुबाईच्या पिशवीतली चपाती, चपातीवर ठेचा, एकीच्या डोळ्याला धारा लागल्यात आन् तरी ती आणखी मागतीया!

बनुबाईनं मान वर केली. "आवं, कुठं व्हता तुमी? साडेबारापास्नं बसलीया!" म्हणलं, अगं... अगं, तू गेलीस कुठं? "छत्रीमागं आले की. हितवर आले तर छत्रीवाली दुसरीच निघाली, नाकानं चपटी. मग बघितलं, दीपमाळ हाय, बसले. जो आधी यील त्यानं हलायचं न्हाई, आत्तींनी सांगितलंय न्हवं?" मी म्हणलं, "बाई, ह्या गावात तेरा दीपमाळा हायत! हीच कशी धरलीस?" तर माझ्याकडं असं बघितलं, पासपोर्टवाल्या डोळ्यानं... "आत जाऊन बघितलं म्या. आत आईचं देऊळ हाय, लेकरू कडंवर घेतलेली आई, म्होरं दिवं लावल्यात. दीपमाळ आईच्या देवळाम्होरचीच धरायची असती. एवढं बी कळत न्हाई तुमाला?"

शेजारी टेकलो. तिच्या हातात गोळ्यांची डबी दिली. म्हणलं, "बने, तुला भ्या वाटलं न्हाई?" तिनं डबी उघडली, गोळी तोंडात टाकली. मग म्हणली, "वाटलं की. न वाटायला काय झालं? हात बघा किती गार पडल्यात. पर मी बसून भ्याले, तुमी पळून भ्यालासा." आन् तिनं माझ्या खांद्यावरचं स्वेटर घेतलं आन् माझ्याच अंगावर घातलं. मला हुडहुडी भरली व्हती.

बस वीस मिनिटं थांबली आमच्यासाठी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, क्रांतीनं बनुबाईच्या गळ्यात पडून रडून घेतलं आन् मला म्हणली, "काका, यापुढे माझ्याशी खोटं बोललात तर मीच तुम्हाला सोडून जाईन." म्होरं फ्लॉरेन्स झालं, व्हेनिस झालं, स्वित्झर्लंडचा बरफ झाला. बघण्यासारखं हाय, लय बघण्यासारखं हाय, पर मी बघितलं न्हाई... मी बनुबाईचा पदर बघत व्हतो.

व्हय, म्हणशील, घावली न्हवं, मग रडतुयास कशाला? आरं, खरी गंमत घरी आल्यावर! बायका जमल्या, इचाराय लागल्या, "बनुबाई, रोम कसं हाय वं?" तर ही काय म्हणली असंल? "मला बाई काय ठावं! ह्यांनी बघितलं सगळं. ह्यो चौक बघितला, त्यो चौक बघितला, मोठं देऊळ बघितलं, जोगतिणीचा आशीर्वाद घेतला, उंचावरनं समदं गाव बघितलं. आन् मला? मला हत्तीखाली बसवून गेलं सकाळपास्नं!" म्हंजी मी हिंडाय गेलो व्हतो! मजा माराय! मी सांगतोय, अगं, मला काय बी दिसलं न्हाई, मी तुला हुडकत व्हतो! तर म्हणती, "मी कुठं हरवले व्हते? मी दीपमाळंपाशी व्हते. हरवला तुमी व्हता."

आन् पृथ्वीराजला फोन करून सांगितलं. "तुझ्या बापानं एकट्यानं रोम बघितलं, मला बी बघायचंय." त्या शहाण्यानं लगीच काढली टूर. म्हंजी आकाराम, तुज्यासंगं इमानात आमी बी हाय, त्याच बसमधी, त्याच रोमला... यादी काय मला इचारतुयास, यादी तिच्याकडं हाय. आन् परवा पुसेसावळीच्या बाजारातनं बनुबाईनं नवंकोरं दावं आणलंय. मी म्हणलं, रेडीला? म्हणली, "न्हाई, तुमाला. रेडीला पाच हात लागतंय, तुमाला तीन हात बास. कमरंला बांधू का मनगटाला, तेवढं तुमी ठरवा, मी काय एवढी जुलमी न्हाई."

मी इचार केला. रात्रभर केला. सकाळी सांगितलं... कमरंला.